हल्कचा बॅनर शेवटी एकटाच का निघून जातो?

प्रश्न: मार्व्हलचे नवे सिनेमे बघून झाले म्हणून आता जुनी हल्क सिरीयल लावलीय. पण यात धड व्हिलन नाही, हल्क एक शब्द बोलत नाही आणि दर एपिसोडच्या शेवटी बॅनर, म्हणजे रागावला की हल्क होणारा तो माणूस, बॅग उचलून चालायला लागतो. असं का? आणि कॉमिकमधल्या ब्रूस बॅनरचा इथे डेव्हिड कसा झाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नावाचं आधी सांगते. सिरीयल बनवणाऱ्या केनेथ जॉन्सनला ब्रूस बॅनर, पीटर पार्कर असली एकाच अक्षराची जोडनावं फार कॉमिकछाप वाटायची, म्हणून डेव्हिड.

आता व्हिलनचं. जॉन्सनला हे काम मिळालं तेव्हा तो व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' वाचत होता, त्यातला पळत राहणारा जाँ वालजाँ आणि हात धुऊन मागे लागलेला जावेर ही जोडी त्याने सरळ इकडे आणली. म्हणून बॅनरच्या मागे कोण, तर जॅक मॅगी, सनसनाटी पेपरचा एक बातमीदार, बस.

१९७७चा पहिला भाग नीट बघा हो. अपघातात बायको गाडीत अडकते आणि बॅनरला ती गाडी उचलता येत नाही, मग अशा वेळी बाकीच्यांच्या अंगात एवढं बळ येतं कुठून हे शोधता शोधता तो स्वतःवरच गॅमा किरण मारून घेतो, आणि डोस ठरवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त जातो. पुढे भर पावसात टायर बदलताना हाताला लागतं, डोकं फिरतं, पहिल्यांदा हल्क होतो आणि स्वतःच्याच गाडीची पार वाट लावतो. बायको गेली तेव्हा हवी होती ती ताकद आली, पण आली कशासाठी तर एका टायरपायी! मला तर अख्खी सिरीयल या एका सीनमध्येच दिसते.

नंतर लॅबला आग लागते, सहकारी एलेना मार्क्स जाते, बॅनरही मेला असं जग समजतं आणि मॅगी दोन्ही खून हल्कच्या नावावर टाकतो. मग हा माणूस एका गावात राहणार कसा? नवं गाव, नवं आडनाव, मिळेल ते काम, आणि हल्क दिसला की मॅगी हजर, की हा निघाला. वर शेवटी वाजणारा, संगीतकार जो हार्नेल यांचा तो पियानो, जीव कासावीस होतो अगदी.

कॉमिकमधला हल्क बोलतो, इथे जॉन्सनने त्याला मुकाच ठेवला आणि बरंच केलं. हल्क झालेल्या लू फेरिग्नोला लहानपणापासून ऐकायला खूप कमी येतं, आणि हिरव्या रंगाखालून तो नुसत्या चेहऱ्याने जे बोलतो ना, भांबावलेपण, माया, सगळं, ते बघाच. बिल बिक्स्बीचा बॅनर तर एवढा सभ्य आणि दमलेला, की रागावू नकोस रे बाबा असं आपल्यालाच वाटत राहतं.

पुढे काय बघू म्हणाल तर दुसऱ्या सीझनचा पहिला भाग. त्यात बॅनर मरणाच्या दारात असलेल्या एका डॉक्टरशी लग्न करतो. त्या रोलसाठी मॅरिएट हार्टलीला एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं.