वाचकांचे प्रश्न : दोन हजार वस्तीचं गाव आणि स्वतःचा बंब

प्रश्न : पुतण्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन हजार वस्तीच्या गावात असतो. सगळं गाव मका-सोयाबीनवर. तरी तिथं स्वतःची शाळा आहे, अग्निशमन दल आहे म्हणतो. आमच्याकडे गंजीला आग लागली तर तालुक्याहून बंब येईपर्यंत राख उरते. त्यांना हे परवडतं कसं?
– एक शेतकरी, निपाणी भाग

उत्तर : दलातली बहुतेक माणसं बिनपगारी असतात. दुकानदार, शिक्षक, शेतकरी; प्रशिक्षण घेतलेले, आणि पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघणारे. गाडी-पंपाचा खर्च मुख्यतः मालमत्ता करातून भागतो. गावाबाहेरच्या शेतांची जबाबदारी टाउनशिपवर. टाउनशिप म्हणजे ६ मैल बाय ६ मैलांचा चौकोन, त्यात ६४० एकरांचे ३६ तुकडे. ही आखणी १७८५ च्या कायद्यातली, आणि १६ वा तुकडा तेव्हाच शाळेसाठी राखलेला. टाउनशिपचे विश्वस्त जवळच्या गावाच्या दलाशी करार करतात, म्हणून शेतातल्या आगीलाही तोच बंब धावतो.

शाळा नगरपालिकेच्या हाताखाली नसते. तिचं निवडून आलेलं वेगळं मंडळ असतं, वेगळा कर असतो, वर राज्याचं अनुदान. पटसंख्या घसरली की दोन-तीन गावांच्या शाळा एक करतात, आणि शाळा गेलेल्या गावाचं निम्मं बळ गेलंच म्हणायचं. जमिनीचे दस्त, कर, शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख, ही कामं काउंटीच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या विभागाच्या, मुख्य गावी चालतात. आयोवात ९९ काउंट्या आहेत. काउंटीचं मुख्य गाव म्हणजे आपलं चिकोडी किंवा खानापूर समजा.

या दलांचं सगळ्यात अवघड काम आगीचं नव्हेच. सायलोत, म्हणजे धान्याच्या उंच कोठीत, धान्य ओलं भरलं की वर कवच धरतं. ते फोडायला माणूस आत उतरतो, खाली धान्य ओढणारा स्क्रू चालूच असतो, आणि काही सेकंदांत तो कमरेपर्यंत रुततो. त्याला दोरानं ओढायचं नाही. धान्याची पकड इतकी असते की ओढण्यानंच इजा होते. आधी स्क्रू बंद करायचा. मग माणसाभोवती पत्रे खोचून नळकांडं करायचं आणि त्याच्या आतलं धान्य उपसायचं. सायलो कापावाच लागला तर भोकं चहूबाजूंनी सारखी पाडायची, नाहीतर माल एकीकडून निसटतो आणि सायलो झुकून कोसळतो.

प्रश्न : तिथं अमेरिकेत धान्य विकत घेऊन साठवणाऱ्या केंद्रावर (त्याला एलिव्हेटर म्हणतात) मक्यात ३ टक्के ओलावा जास्त असला तर वजन साडेतीन टक्के कापतात. अर्धा टक्का कशाचा?
– वाचक, बैलहोंगल

उत्तर : तिथं मका १५ टक्के ओलाव्यावर मोजतात. १८ टक्के ओलाव्याच्या १०० क्विंटलात कोरडा माल ८२ क्विंटल. वाळवल्यावर तो एकूण वजनाच्या ८५ टक्के व्हायला हवा. ८२ ला ०.८५ ने भागा : ९६.४७ क्विंटल. म्हणजे साडेतीन क्विंटल निव्वळ पाणी गेलं. वाळवणीचा दर आणि हाताळणीतली तूट याखेरीज.

आपल्याकडे हमीभाव खरेदीत मक्याला १४ टक्क्यांची मर्यादा असते. त्या हिशेबानं हाच माल ९५.३५ क्विंटल भरेल. पावतीवर ओलावा, घट आणि वाळवणी हे आकडे वेगवेगळे लिहून मागा. सगळं मिळून एकच 'कट' लिहिला असेल तर पाणी किती गेलं आणि पैसे किती गेले, हे कळत नाही.