आईंचं वाळवंट, लेकीचा फंड आणि ३६ हप्ते

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र समोर आहे. घरी नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगी आठवीत, मुलगा १० वर्षांचा आणि आई ६७ वर्षांच्या. आई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. ते लिहितात, "तीस वर्षं तिनं फळ्यावर वाळवंट काढलं, प्रत्यक्षात एकदाही पाहिलं नाही." म्हणून येत्या दिवाळीत पाचही जणांनी जॉर्डनला जायचं मनात आहे: वादी रमचं वाळवंट, पेट्राचं पुरातन शहर आणि शेवटी तांबड्या समुद्राकाठचं अकाबा. टूर कंपनीनं नऊ दिवसांचे ८,४०,००० रुपये सांगितले आहेत. साठलेले आहेत १,८०,०००. बाकीच्या रकमेसाठी दोन वाटा त्यांना दिसतात. एक, ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी, आणि कमी पडतील ते मुदत ठेवीतून. दुसरी, मुलीच्या शिक्षणासाठीच्या म्युच्युअल फंडातून ५ लाख काढायचे आणि "नंतर परत भरायचे". यातली कुठली वाट बरी, असं त्यांनी विचारलं आहे.

माझं उत्तर: सहलीला जरूर जा, पण या दोन्ही वाटांनी नको, आणि या दिवाळीत नको. पुढच्या दिवाळीत जा. त्याहून पुढे मात्र ढकलू नका. कारणं सांगते.

आधी कर्जाचं पाहू. ५ लाख, १३ टक्के, ३६ महिने म्हणजे हप्ता येतो साधारण १६,८५० रुपये. एकूण व्याज १ लाख ६ हजारांच्या वर, प्रोसेसिंग फी वेगळी. आता तुम्हीच दिलेला हिशेब बघा. दोघांचे मिळून हातात १,४२,००० येतात. घराचा हप्ता ३६,५००, घरखर्च ५८,०००, एसआयपी २२,०००, विमा आणि शाळा यांचे महिन्याला सरासरी ९,०००. उरतात १६,५००. म्हणजे हप्ता तुमच्या शिलकीपेक्षाही साडेतीनशे रुपयांनी जास्त. तीन वर्षं तुमच्या घरात महिनाअखेरीला काहीही उरणार नाही. आणि ही तीन वर्षं कुठली? मुलगी आठवीत असताना सुरू होणारं कर्ज ती अकरावीत असताना फिटेल. दहावीचे क्लास, अकरावीचा प्रवेश, पुढच्या परीक्षांच्या क्लासची फी, सगळं याच काळात येणार. त्यात ४,५०,००० ची मुदत ठेव मोडून १,६०,००० काढलेत, तर मागे राहतील २,९०,०००. घरखर्च आणि घराचा हप्ता धरला तर तो जेमतेम तीन महिन्यांचा आधार झाला. नोकरीचं काही झालं किंवा आईंचं आजारपण निघालं, तर डोक्यावर दोन हप्ते आणि हाताशी तीन महिने.

टूर कंपनीनं "नो कॉस्ट ईएमआय" सांगितला असेल तर एवढंच विचारा, की सगळे पैसे एकरकमी दिले तर किती सूट मिळेल. ती न मिळणारी सूट म्हणजे त्या हप्त्यांचं व्याज.

मुलीच्या फंडाची वाट ऐकायला सोपी वाटते, कारण तिथे बँक मागे लागत नाही. माझी भीती नेमकी तीच आहे. फंडातून काढलेले ५ लाख तीन वर्षांत परत भरायचे तर महिन्याला जवळजवळ १४,००० बाजूला टाकावे लागतील. तेही कर्जच, फक्त मुलीकडून घेतलेलं आणि हप्ता चुकला तरी कुणी फोन न करणारं. माझ्याकडे एक जोडपं वही घेऊन आलं होतं. वहीत एक रकाना होता, "फंडात परत". पहिल्या दोन महिन्यांपुढे आकडे होते, त्यानंतर चौतीस महिन्यांच्या रिकाम्या ओळी. माणसं निष्काळजी नव्हती. पण दर महिन्याला काहीतरी जास्त निकडीचं निघत गेलं. शिवाय इक्विटी फंडातून एवढी रक्कम एका वर्षात काढली आणि दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखाच्या वर गेला, तर वरच्या भागावर १२.५ टक्के कर लागतो. हा पैसा तिला पाच वर्षांनी लागणार आहे. त्याला हात लावू नका.

आता सहल कशी बसवायची ते बघू. पत्रातून तुमचं मन सहलीत किती आहे ते कळतं, आणि सहल मोडायची माझी इच्छाच नाही.

पहिलं, ८,४०,००० हा आकडा पक्का धरू नका. कंपनीचा कार्यक्रम तुम्ही जोडला आहे. त्यात मृत समुद्राकाठी पंचतारांकित हॉटेलच्या दोन रात्री, वादी रममध्ये काचेच्या घुमटासारखा तंबू आणि पेट्रासाठी एकच दिवस आहे. मी नेमकं उलटं करेन. पेट्राच्या प्रवेशद्वारापासून सीक नावाच्या घळीपर्यंत बरंच चालायचं, मग सीक साधारण १.२ किलोमीटरची, आणि तिच्या टोकाला डोंगरात कोरलेली, सुमारे ४० मीटर उंचीची 'खजना' नावाची वास्तू. तिथपर्यंत उतार आहे, म्हणजे परतताना चढ. त्यापुढे 'मठ' नावाची दुसरी वास्तू पाहायची तर आठशेच्या आसपास पायऱ्या. ६७ वर्षांच्या बाईंना हे एका दिवसात दाखवायचं म्हणजे दमवणंच. आणि भूगोलाच्या बाई सीकच्या भिंतीत पेट्रा वसवणाऱ्या नबाती लोकांनी कोरलेली पाण्याची पन्हाळ पाहून पुढे जातील, असं मला वाटत नाही. वाळवंटातल्या शहरानं पाणी कसं आणलं, हे त्या नातवंडांना तिथेच उभं राहून समजावणार. त्यासाठी वेळ ठेवा.

दुसऱ्या दिवसाला पैसे किती जास्त लागतात? जॉर्डन सरकारचा "जॉर्डन पास" मिळतो. पेट्राचा एक दिवस धरून ७० दिनार, दोन दिवस धरून ७५. फरक फक्त ५ दिनार, म्हणजे माणशी सहाशे-साडेसहाशे रुपये. या पासमध्ये व्हिसाची ४० दिनारची फीही माफ होते, अट एवढीच की पास देशात पोहोचण्याआधी घेतलेला हवा आणि मुक्काम किमान तीन रात्रींचा हवा. पास न घेता व्हिसाचे ४० आणि पेट्राच्या दोन दिवसांचे ५५ भरले तर ९५ होतात. चौघांच्या पासमागे ८० दिनार, म्हणजे सुमारे १०,००० रुपये वाचतात, आणि वादी रमसह इतर बरीच ठिकाणंही त्यात येतात. चौघांचंच म्हणते, कारण १२ वर्षांखालच्या मुलांना पेट्रात तिकीट नाही. पुढच्या दिवाळीत तुमचा मुलगा ११ चा असेल, तेव्हाही तो यात बसतो. कंपनीला लेखी विचारा: पास दरात धरलाय का, एक दिवसाचा की दोन, आणि व्हिसाचे पैसे वेगळे लावलेत का.

मृत समुद्रावरच्या पंचतारांकित रात्री काढा, तंबू साधा घ्या, नऊ दिवसांचे सात-आठ करा, आणि निदान तीन कंपन्यांकडून दर मागवा. माझ्या अंदाजानं विमा, टिपा, हातखर्च धरून साडेसात लाखांत हे बसायला हवं. पेट्राहून वादी रम साधारण दोन तास, तिथून अकाबा एक तास. अंतरं छोटी आहेत, दिवस कमी केल्यानं काही बुडत नाही.

आता साडेसात लाख आणायचे कुठून. साठलेले १,८०,०००. महिन्याची १६,५०० ची शिल्लक सोळा महिने, म्हणजे २,६४,०००. ताईंचा, म्हणजे तुमच्या पत्नींचा, या दिवाळीचा बोनस ४५,००० आणि तुमचा एप्रिलचा १,१०,०००. बेरीज ५,९९,०००. दीड लाख कमी पडतात.

इथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "आई ज्येष्ठ नागरिक योजनेतले पैसे देते म्हणते, पण तिचे पैसे घ्यायचे नाहीत असं आम्ही ठरवलंय." हा निर्णय बदला. आईंना पेन्शन आहे, औषधपाणी त्यातून भागतं, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांचे १५ लाख योजनेत ८.२ टक्क्यांनी आहेत, म्हणजे दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज त्यांच्या खात्यात येऊन पडतं. मुद्दलाला अजिबात हात लावायचा नाही, खातं मुदतीआधी बंद केलं तर कापणी होते. पण पाच तिमाह्यांचं व्याज १,५३,७५० होतं, आणि तेवढ्यानंच तुमचं गणित पुरं होतं. आयुष्यभर ज्या गोष्टीबद्दल शिकवलं ती पाहायला स्वतःच्या पैशानं जाणं, यात त्यांचा मान आहे. त्यांनी देऊ केलेले पैसे नाकारून तुम्ही त्यांना पाहुणी करताय. त्यांना आपला वाटा उचलू द्या.

हे गणित काठावरचं आहे, हे मान्य. एखादा मोठा खर्च निघाला तर कुठून काढणार? एफडीतून नव्हे, सहलीतून. एखादी रात्र कमी करा.

हे पैसे घरखर्चाच्या खात्यात ठेवू नका, तिथे ते विरघळतात. वेगळं खातं, त्यात पगाराच्या दुसऱ्या दिवशी जाणारा आवर्ती ठेवीचा हप्ता. सोळा महिन्यांसाठी शेअर बाजारात नको. दिनारचा दर डॉलरला १९९५ पासून बांधलेला आहे, एका डॉलरला ०.७०९ दिनार. म्हणजे तुमची जोखीम खरं तर रुपया-डॉलरची. रुपया घसरला की सहल तेवढी महाग, म्हणून पाच-सात टक्के जास्तीचे धरून चाला. तिथे कार्ड वापरताना मशीन "रुपयांत की दिनारमध्ये" असं विचारेल. दिनारच निवडा, रुपयांत दाखवलेल्या दरात दुकानदाराच्या बँकेचा नफा मिसळलेला असतो. आणि तुमच्या कार्डावर परकीय चलनाचं शुल्क किती ते आत्ताच पाहून ठेवा. बऱ्याच कार्डांवर ते साडेतीन टक्के आणि वर जीएसटी असं असतं, काहींवर शून्यही असतं.

टूर कंपनी पॅकेजवर टीसीएस गोळा करेल. त्याचा दर अलीकडच्या अर्थसंकल्पांत बदलत गेला आहे, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा विचारा. हा खर्च नव्हे, तुमच्या नावावर आगाऊ भरलेला कर आहे. मात्र बिल तुमच्याच पॅनवर काढा, आईंच्या नव्हे. ऑक्टोबर २०२४ पासून पगारदाराला हा टीसीएस आपल्या नोकरीच्या कंपनीच्या अकाउंट्सकडे कळवून पगारातला टीडीएस कमी करून घेता येतो, रिफंडची वाट बघावी लागत नाही.

एक गोष्ट दरपत्रकात नसते. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष पेटला तेव्हा जॉर्डननं आपलं आकाश काही काळ विमानांना बंद केलं होतं. देश पाहुण्यांची काळजी घेणारा आहे, पण शेजार अस्वस्थ आहे. त्यामुळे सगळे पैसे आगाऊ भरू नका. टप्प्याटप्प्यानं भरा, रद्द केल्यास किती परत मिळतात ते लेखी घ्या, आणि प्रत्येक टप्प्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहा. प्रवास विम्यात युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलं असतं, ते कलम स्वतः वाचा. आईंचा रक्तदाब आणि गुडघे अर्जात स्पष्ट लिहा. लपवलं तर दावा नाकारायला तेवढं पुरतं.

पुढचीच दिवाळी का, हेही सांगते. मे महिन्याची सुट्टी मोठी असते, पण तेव्हा अकाबात पारा पस्तिशी गाठतो, आईंना घेऊन ते नको. दिवाळीच्या सुमाराला हवा बरी. पुढच्या दिवाळीत मुलगी नववीत असेल. त्याच्या पुढच्या दिवाळीत ती दहावीत, तेव्हा घरातून कुणी हलणार नाही. आणि आईंचे गुडघे दरवर्षी आज आहेत तसेच राहतील, असं धरून चालता येत नाही. म्हणून याच महिन्यात त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि सरळ विचारा, सोळा महिन्यांनी आई दिवसाला पाच-सहा किलोमीटर चालू शकतील का. डॉक्टर म्हणाले की थांबू नका, तर माझा सल्ला बदलतो. मग याच दिवाळीत फक्त तुम्ही आणि आई दोघंच जा, साठलेले १,८०,०००, ताईंचा बोनस आणि आईंच्या बचत खात्यातली शिल्लक यांत बसेल एवढीच छोटी सहल करा. मुलांना आयुष्यभर वेळ आहे. कर्ज तेव्हाही नको.

खर्च कुठे कमी करायचा हे इतकं सांगितलं, तर कुठे वाढवायचा तेही सांगते. वादी रमच्या तंबूला जोडून बाथरूम आहे का, हे बुकिंगआधी विचारा. दिवाळीच्या सुमाराला वाळवंटात रात्री गारठा असतो, आणि साध्या छावण्यांत बाथरूम बऱ्याचदा वेगळं, वाळूतून चालत जाण्याइतकं लांब असतं. जोडलेल्या बाथरूमचा तंबू थोडा महाग पडेल. तो घ्या.