वृश्चिक रास आकाशात नेमकी कशी ओळखायची? आणि विंचवाची गोष्ट काय आहे?

भाऊ, बारा राशींत नावासारखी दिसणाऱ्या मोजक्या राशींपैकी ही एक, त्यामुळं ओळखायला एकदम सोपी. मे महिन्यात रात्री १० नंतर वावरात जागलीला गेले की आग्नेयेकडं पाहा, लालसर ठळक तारा दिसते ती ज्येष्ठा, तिच्या वर आडव्या ओळीत तीन तारे म्हणजे अनुराधा, विंचवाचं डोकं तिकडं, आणि खाली वळलेली नांगी म्हणजे मूळ नक्षत्र. मध्यरात्रीपर्यंत दक्षिणेला पूर्ण विंचू उभा होतो, आपल्या विदर्भातून नांगीसकट मस्त दिसतो, युरोपात बऱ्याच ठिकाणी शेपूट क्षितिजाखालीच राहते.

ज्येष्ठा लाल महाराक्षसी तारा आहे, साधारण ५५० प्रकाशवर्षं दूर, सूर्याच्या जागी ठेवली तर मंगळाची कक्षासुद्धा गिळून टाकेल एवढी मोठी!

प्राचीन बाबिलोनी (आजच्या इराकमधले) लोकही इथं विंचूच पाहायचे. ग्रीक कथेत ओरायन नावाच्या शिकाऱ्याला विंचू डसतो, म्हणून विंचू उगवला की ओरायन मावळतो. ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. मृग लागतो, पेरणीची घाई असते, तेव्हा सूर्य मृगाजवळ असल्यानं तो दिसत नाही आणि विंचू मात्र जवळपास रात्रभर वर असतो, ढग नसले तर नक्की पाहा.