इंग्लंडमध्ये खोली भाड्याने घेतली आहे, पण एकही बिल माझ्या नावावर नाही. पत्त्याचा पुरावा कुठून आणू?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नुकतेच इंग्लंडला आलात, चार-पाच जणांच्या घरात एक खोली घेतलीत, वीज-पाणी-इंटरनेट सगळं भाड्यातच धरलंय आणि आता बँक पत्त्याचा पुरावा मागतेय. खातं नाही म्हणून स्टेटमेंट नाही, स्टेटमेंट नाही म्हणून खातं नाही. इथे नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण यात अडकतो. यातून बाहेर पडता येतं, फक्त कोणता कागद आधी मिळवायचा हे कळलं पाहिजे.

मुळात हे एवढं अवघड का? आधार कार्ड काढून दाखवलं की काम झालं, ही आपली सवय. ब्रिटनमध्ये सक्तीचं ओळखपत्र नाही आणि कोण कुठे राहतं याची एकच सरकारी नोंदही नाही. जर्मनीत घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात नाव नोंदवावं लागतं, आणि तिथून मिळालेला दाखला सगळीकडे चालतो. इथे तसा दाखला देणारं कार्यालयच नाही. ई-व्हिसावर (व्हिसाची ऑनलाइन नोंद) पत्ता नसतो, पूर्वीच्या बीआरपी कार्डावरही (इथे राहण्याच्या परवानगीचं कार्ड) नसायचा. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता असला तरी तो भारतातला. म्हणून इथे पत्त्याचा पुरावा म्हणजे, तुमची आधीच खात्री करून घेतलेल्या एखाद्या संस्थेने तुमच्या नावाने त्या पत्त्यावर काही तरी पाठवलंय, एवढंच. घरमालकाने हाताने लिहून दिलेली चिठ्ठी म्हणूनच कोणी विचारात घेत नाही. मोबाइलचं बिलही बहुतेक बँका घेत नाहीत, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

मग तुमची खात्री आधीच कोणी केली आहे? तुमच्या कंपनीने. एचआरला सांगा की बँकेसाठी पत्र हवंय: लेटरहेडवर तुमचं पूर्ण नाव, इथला पत्ता, रुजू झाल्याची तारीख आणि सही. विद्यार्थ्यांना विद्यापीठ असंच पत्र देतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा ठरावीक नमुना असतो. फक्त बँकेला आधी विचारून घ्या की कंपनीचं पत्र त्यांना चालतं का, कारण प्रत्येक बँकेची यादी निराळी असते, आणि काही वेळा एकाच बँकेच्या दोन शाखांत वेगळी उत्तरं मिळतात.

ते चालत नसेल तर शाखेत खेटे घालण्यापेक्षा ॲपवर चालणाऱ्या बँकेत, म्हणजे मोन्झो किंवा स्टार्लिंगसारख्या बँकेत, खातं उघडा. तिथे साधारणपणे पासपोर्टचा फोटो आणि एक छोटा व्हिडिओ लागतो, पत्त्याचं बिल सहसा मागत नाहीत. कार्ड टपालाने त्याच पत्त्यावर येतं. पगार जमा व्हायला लागला की पत्ता छापलेलं स्टेटमेंट हातात येतं. डाउनलोड केलेलं स्टेटमेंट काही ठिकाणी नाकारतात, पण बऱ्याच ठिकाणी चालून जातं. मला विचाराल तर, मोठ्या बँकेच्या पाट्या पाहून तिथेच पहिलं खातं उघडायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ते नंतर सावकाश उघडता येतं.

आता ज्या गोष्टीकडे आपल्या लोकांचं फार कमी लक्ष जातं, ती सांगतो. भारतीय नागरिकाला ब्रिटनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवता येतं! भारत राष्ट्रकुलात आहे, आणि वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना हा हक्क आहे. तो फक्त पालिकेच्या निवडणुकीपुरता नाही, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरायला काही मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर आणि सामाजिक सुरक्षेच्या नोंदीचा सरकारी क्रमांक) विचारतात, तो आधी काढून ठेवा. तोही फुकट मिळतो.

याचा पत्त्याशी काय संबंध? बँका, मोबाइल कंपन्या आणि घरभाड्याचे एजंट तुमचा पत्ता पुष्कळदा कागदावर तपासतच नाहीत. ते एक्सपीरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या, लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट संस्थांकडे विचारतात, आणि या संस्थांकडे मतदार यादी असते. यादीत नाव असलं की कितीतरी ठिकाणी बिल मागायची वेळच येत नाही, तपासणी आतल्या आत होऊन जाते. नोंदणी करताना ‘ओपन रजिस्टर’मधून नाव वगळा असा पर्याय येतो. तो निवडला तर जाहिरातवाल्यांना तुमचं नाव विकत मिळत नाही, आणि क्रेडिट तपासणीला काही बाधा येत नाही.

सरकारी कागदांत सगळ्यात वजन कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथली पालिका (कौन्सिल) घरावर घेते त्या कराच्या, बिलाला. ते १ एप्रिल ते ३१ मार्च अशा वर्षाचं असतं, त्यामुळे इतर बिलांसारखी ‘गेल्या तीन महिन्यांतलं’ ही अट त्याला सहसा लागत नाही. पण तुमच्यासारख्या घरात, जिथे प्रत्येक जण आपापल्या खोलीचं वेगळं भाडं देतो, हा कर बहुतेक घरमालकाच्याच नावावर असतो. तेव्हा त्याची वाट पाहू नका.

त्याऐवजी प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, ड्रायव्हिंग लायसन्स काढा. गाडी शिकायची नसली तरी चालेल. इथे निदान १८५ दिवस राहण्याची परवानगी असली की अर्ज करता येतो, ऑनलाइन फी ३४ पौंड. त्या कार्डावर फोटो आणि पत्ता दोन्ही असतात. एक मेख मात्र लक्षात ठेवा: एकाच अर्जात ते ओळखीसाठी आणि पत्त्यासाठी, दोन्हीकडे वापरू देत नाहीत. ओळखीसाठी पासपोर्ट, पत्त्यासाठी लायसन्स, अशी जोडी लावा. पुढे पासपोर्टचं नूतनीकरण करताना भारतीय उच्चायुक्तालयाच्या अर्जालाही इथल्या पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो, तेव्हाही हे कार्ड कामाला येतं.

आयकर खात्याचं, म्हणजे एचएमआरसीचं, टॅक्स कोड (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा क्रमांक) कळवणारं पत्रही बऱ्याच बँका घेतात. त्यासाठी कंपनीच्या पगार विभागाकडे आणि एचएमआरसीकडे तुमचा आत्ताचा पत्ता आहे ना ते पाहा. कंपनी देते तो पी-६०, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, मात्र बहुतेक ठिकाणी चालत नाही.

डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागतच नाही. एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, नियमच तसा आहे. रिसेप्शनवर कोणी अडवलं तर शांतपणे तेवढं सांगा. नोंदणी लगेच करून टाका, बँकेचं काम होईपर्यंत थांबू नका.

घरमालकाकडून दोन गोष्टी मागता येतात. एक, सही केलेला भाडेकरार, ज्यात तुमचं नाव आणि खोलीचा पूर्ण पत्ता असेल. दुसरी, डिपॉझिटचा कागद. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरूचं डिपॉझिट घरमालकाला ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं आणि त्याची लेखी माहिती तुम्हाला द्यावी लागते. (घरमालक त्याच घरात राहत असेल तर हा नियम सहसा लागू होत नाही.) हे कागद सगळे घेतीलच असं नाही, पण कंपनीच्या पत्राला जोडून दिले की पुष्कळदा काम होतं.

आणि घरमालक म्हणाला की ‘हा पत्ता कुठे देऊ नका, इथे टपाल मागवू नका’, तर जरा सावध व्हा. नियमाने वागणाऱ्याला भाडेकरूच्या टपालाची भीती नसते. तो स्वतःच भाडेकरू असून परवानगीशिवाय खोल्या देत असेल, भाड्याचं उत्पन्न लपवत असेल, किंवा त्याच्याकडे परवाना नसेल. वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त लोक एका घरात राहत असतील तर इंग्लंडमध्ये परवाना सक्तीचा आहे. कौन्सिलच्या वेबसाइटवर परवाना असलेल्या घरांची यादी असते, तीत पत्ता शोधून पाहा. पत्ता नसेल तर माझं स्पष्ट मत: दुसरी खोली शोधायला लागा.

इंटरनेटवर ‘नमुना बिल’ छापून देणारे भेटतात, ओळखीतला कोणीतरी ‘मी दिलं होतं, काही झालं नाही’ असंही सांगतो. त्या वाटेला जाऊ नका. खोटा कागद देणं हा २००६ च्या फ्रॉड ॲक्टखाली गुन्हा आहे. पोलिसांपर्यंत गेलं नाही तरी बँक सिफासकडे, म्हणजे फसवणुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंद करू शकते, आणि ती सहा वर्षांपर्यंत राहते. तेवढ्या काळात खातं, कर्ज, साधं मोबाइलचं कंत्राटसुद्धा अवघड होऊन बसतं. नातेवाइकाचा पत्ता ‘तात्पुरता’ देणंही टाळा. क्रेडिटच्या नोंदीत दोन पत्ते एकाच वेळी दिसायला लागले की तपासण्या अडकतात, आणि नंतर ते निस्तरायला फार वेळ जातो.

पत्ता लिहिताना सगळीकडे हुबेहूब एकसारखा लिहा. ‘फ्लॅट २’ एकीकडे आणि ‘रूम २’ दुसरीकडे असं झालं की संगणक दोन वेगळी घरं धरतो. पोस्टकोड टाकल्यावर वेबसाइट जो पत्ता दाखवते, तोच निवडा.

पुढे घर बदललंत तर व्हिसाच्या ऑनलाइन खात्यातला पत्ता बदला, लायसन्सवरचाही बदला. तो बदलायला पैसे पडत नाहीत, न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मतदार यादीत मात्र नाव आपोआप सरकत नाही, नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करावी लागते.