बत्तीस आणि चाळीस स्पोकची सायकल

मिरज

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची चित्रं मिळाली. सायकलवर जिथे म्हणून मोकळी जागा आहे तिथे तू काहीतरी वाजणारं बसवलं आहेस. हँडलवर बुलबुल तरंगच्या पट्ट्या, म्हणजे आपल्या बेंजो पार्टीतला बेंजो, नळीखाली तारा, कॅरियरवर हलगी, आणि पुढच्या चाकाच्या स्पोकांवर अख्खं सप्तक. चित्रं बघून फार बरं वाटलं. पण फ्रेमला करवत लावण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

सायकल आणि वाद्य यांच्या मागण्या उलट्या असतात. चांगल्या सायकलमध्ये रस्त्याचा धक्का जिरतो. टायर तो खातो, सीटच्या स्प्रिंगा खातात, आणि बसणाऱ्याला काही कळत नाही. चांगल्या वाद्यात दिलेला धक्का जिरता कामा नये. तो तारेतून घोडीत, म्हणजे तार टेकते त्या पट्टीत, घोडीतून तबलीत, म्हणजे वाद्याच्या पातळ लाकडी तोंडात, आणि तिथून हळूहळू हवेत गेला पाहिजे. ही दोन्ही कामं एकाच नळीवर टाकलीस तर ती एकही धड करणार नाही. म्हणून आधी एका कागदावर सायकल काढ आणि तिच्यावर दोन रंगांच्या रेघा मार. एक रेघ वजनाची: माणसाचं वजन सीटवरून कुठे जातं, चाकातून जमिनीला कसं पोचतं. दुसरी स्वराची: कंप कुठे जन्मतो आणि कुठून बाहेर पडतो. या रेघा जिथे एकमेकींवर येतात तिथे तुझं चित्र बदलायला हवं. माझं सगळं सांगणं या कागदापाशीच सुरू होतं.

स्पोकांच्या सप्तकावरच लावून बघ. स्पोक ही ताणलेली तार आहे, छेडली की वाजते, हे खरं. दोन मिलिमीटर जाडीचा स्टीलचा स्पोक, मोकळी लांबी २९ सेंटिमीटर, ताण १०० किलोच्या आसपास असेल तर सेकंदाला सुमारे ३४० कंपनं होतात. म्हणजे पेटीवर पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या मधला स्वर. स्पोक एकमेकांना आडवे जात असतील तर ते एकमेकांना टेकतात, वाजणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो. इथपर्यंत सगळं तुझ्या बाजूचं आहे. पण तारेचा स्वर ताणाच्या वर्गमुळाने चढतो. ताण दुप्पट केलास तर सा पासून तू जेमतेम तीव्र मध्यमाला पोचतेस, पंचमही हाती लागत नाही. वरच्या सा साठी ताण चौपट हवा, आणि तो ना स्पोक सोसेल ना रिम. उलट बाजूने, खालचे स्वर मिळवायला स्पोक सैल ठेवलेस तर चाकात दम राहत नाही.

आणि त्याहून मोठी अडचण पुढे आहे. प्रत्येक स्पोकचा ताण वेगळा म्हणजे रिम प्रत्येक ठिकाणी वेगळी ओढली जाणार. सायकलच्या दुकानात ज्याला चाक आउट होणं म्हणतात, ते तू मुद्दाम करायला निघाली आहेस. चाक बांधणारा जाणता कारागीर स्पोक बोटाने छेडत जातो ते याचसाठी. एका बाजूचे सगळे स्पोक एकच स्वर बोलले की त्याला कळतं, ताण सारखा बसला. शिवाय सायकलवर माणूस बसला की जमिनीकडचे स्पोक थोडे सैल पडतात, म्हणजे फिरत्या चाकात प्रत्येक स्पोकचा स्वर दर फेऱ्याला उतरतो आणि चढतो. ज्या चाकावर माणसाचं वजन आहे त्या चाकाकडून सप्तक मागू नकोस. फारच मन असेल तर एक तिसरं चाक घे, ते कॅरियरवर आडवं बसव, त्याच्यावर कसलंही वजन येऊ देऊ नकोस, आणि त्याच्याशी हवे तेवढे खेळ कर.

वजन पेलणारं चाक मात्र दुसऱ्या रीतीने गातं, आणि ती रीत मला सगळ्यात प्रिय आहे. लहानपणी चाक धरणाऱ्या चिमट्याला पुठ्ठा बांधून आपण फटफटीचा आवाज काढतो ना, तीच. पुठ्ठ्याची पट्टी दर स्पोकला एक टोला खाते. टोले पुरेसे जलद झाले की वेगवेगळे ऐकू येत नाहीत, त्यांचा एक स्वर होतो. आता जुन्या काळ्या सायकलीचे स्पोक मोज. पुढच्या चाकाला ३२, मागच्याला ४०. दोन्ही चाकं एकाच मापाची, म्हणून फिरण्याचा वेगही एकच. दोन्हीकडे पट्टी लावलीस तर दोन स्वर निघतात आणि त्यांचं प्रमाण ४० ला ३२, म्हणजे ५ ला ४ असतं. हा शुद्ध गांधार आहे. पेटीवरचा नव्हे, तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो तो. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या किंचित आत असतो. ताशी १६ किलोमीटरने निघालीस की चाक सेकंदाला दोन फेरे घेतं, पुढून ६४ कंपनांचा सा येतो आणि मागून ८० चा गांधार. हा सा पांढरी एकच्या थोडा खाली, खर्जातला. जोर लावलास तर दोन्ही स्वर एकदम चढतात, ब्रेक दाबलास तर एकदम उतरतात, पण त्यांच्यातलं अंतर सुटत नाही. ज्याने कुणी बत्तीस आणि चाळीस ही वाटणी ठरवली त्याने मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून ठरवली असणार. आपल्याला त्यात गांधार सापडतो याचा आनंद मला आजही होतो. हल्लीच्या बऱ्याच सायकलींना दोन्हीकडे ३६ स्पोक असतात, तिथे दोन्ही चाकं एकच स्वर बोलतील. तेव्हा भंगारवाल्याकडे जाशील तेव्हा आधी स्पोक मोज, मग भाव कर.

पट्टीबद्दल तीन गोष्टी. ती रिमच्या जवळ लाव, कारण तिथे स्पोकांमधलं अंतर सारखं असतं, हबकडे, म्हणजे चाकाच्या मध्याकडे, ते विस्कटतं. तिचं मोकळं टोक चाक फिरतं त्या दिशेला वळलेलं असू दे, नाहीतर स्पोक तिला आत खेचून घेईल. आणि चाकाचा आउट आधी काढ. चाक डुलत असेल तर पट्टी एका जागी खोल लागते, दुसऱ्या जागी वरवर, आणि स्वर दर फेऱ्याला घुमत राहतो. पट्टीला प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा चालतो, जुन्या एक्स-रेची फिल्म त्याहून चांगली. पट्टीचं बूड पातळ पत्र्याच्या लहान डब्यावर बसवलंस तर आवाज भरदार होतो.

आता नळीखालच्या तारा. चित्रात तू त्या सरळ फ्रेमच्या नळ्यांना बांधल्या आहेस आणि खुंट्यांसाठी नळीला भोकं दाखवली आहेस. भोक पाडू नकोस. खालची नळी हँडलच्या जोडाजवळ सगळ्यात जास्त ताण खाते. तिथल्या भोकाच्या काठावरून चीर सुरू होते, ती रंगाखाली दिसत नाही, आणि दिसते तेव्हा सायकल रस्त्यावर असते. दुसरं म्हणजे फ्रेमची नळी जाड आणि ताठ. तार कितीही सुरेख असली तरी नळी हवा हलवत नाही, म्हणून आवाज तुझ्या कानापर्यंतच राहील. तारेला तबली हवी.

म्हणून त्रिकोणात मावेल असा एक स्वतंत्र सांगाडा कर. त्याच्यातच खुंट्या, त्याच्यातच घोडी, त्याच्यातच तुनाच्या लाकडाची पातळ तबली. तारांचा सगळा ताण या सांगाड्यातच फिरून संपला पाहिजे, सायकलच्या फ्रेमला त्याची खबरही लागता कामा नये. मग हा सांगाडा रबरी बुश घालून पट्ट्यांनी फ्रेमला आवळ. खड्ड्याचा धक्का बुशमध्ये अडतो आणि तारेचा कंप तबलीतच राहतो. कागदावरच्या तुझ्या दोन रेघा इथे अशा वेगळ्या होतात.

फ्रेम पोलादी आहे की ॲल्युमिनियमची हा प्रश्न मग उरत नाही, नाहीतर तोही छळतो. ॲल्युमिनियम उन्हात पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पोलादी तार थेट त्याला बांधली आणि सायकल उन्हात वीस अंशांनी तापली, तर घट्ट ताणलेली बारीक तार पाव स्वराच्या आसपास चढते.

या तारांवर काय वाजवायचं? माझं ऐकशील तर चारच तारा, तंबोऱ्यासारख्या, प सा सा सा. चालवणाऱ्याचे दोन्ही हात हँडलवर आणि ब्रेकवर असतात, ते तसेच राहिले पाहिजेत. बुलबुल तरंगच्या पट्ट्या म्हणूनच नकोत. चाल वाजवण्याचं काम गळ्याला दे आणि सायकलकडे सूर धरायचं काम दे. पायडल मारता मारता गाता येतं, हे तुला माहीतच आहे.

छेडायचं काम पायडलकडून घे. साध्या सायकलला पुढे ४४ दात आणि मागे १८ दात असतात. तेच भाग उलटे लाव: पायडलच्या बाजूला १८, त्यानंतरच्या वेगळ्या आसावर ४४, आणि हाच जोड आणखी एकदा. दोन टप्प्यांत वेग सहापट उतरतो. शेवटच्या आसावर चार नख्या बसव, एकेका तारेला एकेक. मिनिटाला साठ पायडल मारलेस तर चार तारांचं आवर्तन सहा सेकंदांत होतं. तंबोऱ्याला ही गती शोभते. हीच जोडणी चाकावरूनही घेता येईल, मग उतारावर पाय थांबले तरी तारा वाजत राहतील. मला पायडलचीच आवडते, कारण पाय थांबले की तारांचा नाद हळूहळू विरतो आणि मागे फ्री-व्हीलची टिकटिक तेवढी राहते. तू दोन्ही करून बघ आणि तुझं तू ठरव.

घोडीच्या जवारीसाठी, म्हणजे तार झणकारावी म्हणून घोडीचा माथा घासून जुळवण्यासाठी, इकडे येणं भाग आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून पिढ्यान्‌पिढ्या इथल्या गल्लीत ही कामं चालत आली आहेत. घोडीचा माथा कानसेने किती घासायचा, तार त्याच्यावर कुठे टेकायची आणि कुठे सुटायची, दोरा कुठे सरकवायचा, हे लिहून सांगता येत नाही. कारागिराच्या शेजारी बसून ऐकावं लागतं. भोपळा मात्र सायकलवर नको. पंढरपूरकडून येणारे ते मोठे भोपळे घरातल्या खोळीत जपायचे असतात, पहिल्याच खड्ड्याला तडकतील. प्लायची पेटी चालेल.

हलगी काढून टाक. कातडं पावसात उतरतं, आणि ती वाजवायला तिसरा हात नाही. तालासाठी जुन्या फ्रेमच्या नळीचे तुकडे टांग. तुकडा दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर टांगायचा असतो, कारण वाजताना तिथे तो हलत नाही. ३०० मिलिमीटरच्या तुकड्याला ही जागा ६७ मिलिमीटरवर येते. त्याच नळीचा वरचा सा २१२ मिलिमीटरला मिळेल, निम्म्याला नाही. निम्म्यावर कापलास तर दोन सप्तकं वर जाशील. माईक आणि स्पीकर इतक्यात नको. जे मुळात वाजत नाही ते मोठं करून ऐकवण्यात अर्थ नाही.

हे आधी कुणी केलंय का, असं तू विचारलंस. १९६३ साली अमेरिकेत फ्रँक झप्पा हा बावीस वर्षांचा तरुण टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात सायकल घेऊन गेला. त्याने स्पोक छेडले, त्यांच्यावर गज फिरवला, हँडलच्या नळीत फुंकलं. सायकल उभी होती. १९९६ मध्ये मॉरिसिओ कागेल या संगीतकाराने १११ सायकलस्वारांसाठी रचना केली. ते घंट्या वाजवत, शीळ घालत श्रोत्यांसमोरून निघून जातात. तिथे सायकली धावतात, पण आहेत तशाच असतात. धावणारी आणि धावण्यासाठी व वाजण्यासाठी मुद्दाम बांधलेली, अशी सायकल तुला करायची आहे. जगात ती इतरांनीही केली असेल, पण तंबोऱ्याच्या अंगाने विचार करणारी माणसं त्यात थोडी, आणि म्हणून मला तुझ्याकडून अपेक्षा आहे.

पुण्यात आहेस तर एक दिवस काढ. सकाळी राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन बघ आणि दुपारी कर्वेनगरला सायकलींचं संग्रहालय. दोन्हीकडे फक्त जोड बघत फिर: लाकडाला लाकूड कसं धरलंय, नळीला नळी कशी. वही बरोबर ठेव.

दसरा झाला की इकडे ये, पाऊस गेल्यावर लाकूड बरं वागतं. फ्रेम आण, पण रंगवू नकोस, मला जोड उघडे बघायचे आहेत. दोन्ही चाकांचा आउट काढलेला असू दे. ४४ आणि १८ दातांचे दोन-दोन भाग जुन्या बाजारातून घे, दात झिजलेले नसावेत. ब्रेझिंगच्या, म्हणजे नळ्या पितळेने जोडायच्या, काड्या माझ्याकडे आहेत, जोडाला लावायचा फ्लक्स मात्र तिकडून घेऊन ये.

तुझा,
काका