हे औषध नक्की कुणाचं?

प्रिय सोनू,

आवाज घोगरा झालाय, पण प्रश्न अगदी खणखणीत विचारलास. पावसात भिजलीस, चार शिंका दिल्यास आणि संध्याकाळपर्यंत आजीची सुंठ-गुळाची गोळी, शेजारच्या काकूंचा पातेलंभर काढा, वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी पाठवलेली मेतकुटाची बरणी, सगळं हजर! "बाबा, यांना बोलावलं कुणी? हे सगळे डॉक्टर आहेत का? आणि हे औषध नक्की कुणाचं?"

डॉक्टर कुणीच नाही. आणि सदाशिव पेठेत बोलावणं लागत नाही, खोकला पुरतो. मी लहान असताना आम्ही वाड्यात राहायचो. भिंती पातळ, नळ सामायिक. रात्री कुणाचं पोर खोकलं की सकाळी नळावर त्याच्या आईला तीन उपाय मिळत, तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध. आता वाड्याच्या जागी इमारत आली, नळ घरात आले, पण सवय गेली नाही. इकडे अमेरिकेत शेजाऱ्याने न विचारता औषध आणून दिलं तर आपण दचकू. तिथे आणलं नाही तर आजीला वाईट वाटेल!

आता तुझा खरा प्रश्न. आजीची पाककृतींची वही उघडून बघ. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं दिसेल: 'माईंची पद्धत', 'बँकेतल्या मैत्रिणीकडून', 'नळावरच्या काकू, हिंग जास्त'. त्या काकूंना ते मेतकूट साताऱ्याच्या जावेने शिकवलेलं, जावेला तिच्या आईने. असं मागे मागे जात राहिलीस तरी पहिलं माणूस सापडायचं नाही. ज्याने घेतलं त्याने त्यात आपलं काहीतरी घातलं आणि पुढे दिलं.

एकदा मात्र याला मालक निघाला होता, तोही इथेच. जखम भरून येण्यासाठी हळद वापरायची, याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. (अर्ज करणारे संशोधक भारतीय वंशाचेच, बरं का.) तेव्हा सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, त्याआधी ते पुण्यातच, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. परिषदेने हरकत घेतली. पण 'आमच्या आज्यांना हे माहीतच होतं' एवढं सांगून भागत नाही, कागद लागतो. म्हणून जुन्या संस्कृत ग्रंथांतले उतारे आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला 1953 चा लेख पुढे ठेवला गेला, आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. तेव्हा आजी "अंदाजाने घाल" म्हणाली की हसू नकोस, चमच्याने मोज आणि लिहून ठेव.

काढ्याने सर्दी पळते का? नाही. ती आठवडाभरात आपली आपणच जाते. काढ्याने घसा शेकला जातो, पोटात पाणी जातं, आणि कुणीतरी आपल्यासाठी गॅसपाशी उभं राहिलंय हे कळतं. माझ्या मते एवढं पुष्कळ झालं. दोन वाट्या पाणी, इंचभर ठेचलेलं आलं, गवती चहाच्या चार पाती, तुळशीची पाच-सहा पानं, दोन-तीन मिरे. उकळून निम्मं करायचं, गूळ शेवटी.

मेतकूट जमायला वेळ लागतो. वाटीभर हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडदाची, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी गहू, चमचाभर धणे, तेवढेच जिरे, मेथ्या मात्र अर्धाच चमचा. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, मंद आचेवर कोरडाच भाजायचा. मेथ्या जरा जास्त भाजल्या गेल्या तर सगळं मेतकूट कडू. गार झालं की सुंठ, हळद, हिंग, मीठ घालून बारीक दळायचं. मऊ भात, वर साजूक तूप, मेतकूट आणि लिंबाचं मुरलेलं लोणचं. आजारी नसलीस तरी खा.

काही गोष्टींना मात्र सरळ नाही म्हणायचं. कान दुखला म्हणून कोमट तेल घालायला कुणी आलं तर मुळीच घालू द्यायचं नाही. आत्याच्या तान्ह्या बाळाला मधाचं बोट कुणी चाटवत असेल तर आजीला हाक मार. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो. ताप तीन दिवसांत उतरला नाही, किंवा श्वास घेताना त्रास झाला तर काढाबिढा बाजूला ठेवून डॉक्टरकडे. हे आजीलाही मान्य आहे, मी फोनवर बोललोय.

आता राहिलं ते पातेलं आणि बरणी. रिकामी परत द्यायची नाहीत. आजीला विचारून काकूंच्या पातेल्यात थोडे पोहे घाल, आजोबांच्या बरणीत लाडू. काहीच नसेल तर मूठभर साखर चालते. काकू दारातच आणखी एक उपाय सांगतील. वही बरोबर घेऊनच जा.

तुझा,
बाबा