ग्लँड्युलर फीवर घरच्या घरी कसा ओळखायचा आणि काळजी काय घ्यायची?

घरच्या घरी नाही ओळखता येत. ठाण्यात पावसाळ्यात ताप आला की आधी डेंग्यू-मलेरियाची तपासणी, बाकी सगळं मागून. ते निगेटिव्ह आलं, टॉन्सिलवर पांढरट थर आहे, मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी लागतायत आणि पोरगं कॉलेजच्या वयाचं आहे, तर डॉक्टरांसमोर या तापाचं नाव काढा.

माझा मुलगा अकरावीत होता, नौपाड्यातल्या एका संघातून कबड्डी खेळायचा. घसा इतका सुजला की थुंकी गिळवेना. आमचे भाऊजी म्हणजे घरचे बिनपदवीचे डॉक्टर. मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन घेऊन आले. थोड्याच दिवसांत पोराच्या अंगभर लाल पुरळ! भाऊजींचं निदान: गोवर. गोवर नव्हताच, हा ग्लँड्युलर फीवर होता; तो एपस्टाईन-बार नावाच्या विषाणूचा, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, आणि यात अमॉक्सिसिलिन दिलं की पुष्कळांना असंच पुरळ येतं, हे आम्हाला फिजिशियनने सांगितलं. सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) लिम्फोसाइट्स, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, भरमसाट; एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) वाढलेलं. व्हीसीए आयजीएम (याच विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) केल्यावर पक्कं झालं. (मोनोस्पॉट ही याच आजाराची झटपट रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तिच्यावर विसंबू नका.)

खरं भांडण पुढे झालं. ताप उतरला आणि जिल्ह्याचे सामने तोंडावर आले. भाऊजी म्हणे, "ताप गेला ना? मग घरात अंडी उबवतोय का?" अहो, सोनोग्राफीत प्लीहा (डाव्या बरगडीखालचा अवयव, स्प्लीन) वाढलेली दिसली होती! कबड्डीत पकड झाली की चार जण अंगावर पडतात. सुजलेली प्लीहा फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, जिवावर बेततं. आजार सुरू झाल्यापासून निदान 3 ते 4 आठवडे धक्काबुक्कीचा खेळ नाही, जड उचलणं नाही. मैदानात परत जायचं ते डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. मी पाठवलं नाही. संघ हरला, आणि अजून दर गणपतीत "वहिनींनी पोराला लाडावून ठेवलं" हे ऐकवलं जातं. जिना चढूनही त्याला धाप लागायची, हे त्यांच्या लेखी आळस. या आजारात थकवा महिनोन्‌महिने राहू शकतो, भाऊजी. वाचत असाल तर नीट वाचा.

बाकी औषध असं काही नाही. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेतच, कारण लिव्हरही सुजलेलं असतं. मिठाच्या गुळण्या, पेज, ताक, भरपूर पाणी, झोप. लहान मुलांना ॲस्पिरिन अजिबात नाही, मोठ्यांना दारू नाही. लाळेतून पसरतो, म्हणून बाटली-पेला वेगळा. वेगळ्या खोलीत कोंडायची गरज नाही.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात अचानक कळ आली, श्वास अडकायला लागला, पाणीसुद्धा गिळता येईना किंवा डोळे पिवळे दिसले, तर माझं उत्तर वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. गाठी महिनाभरात उतरल्या नाहीत तरी पुन्हा दाखवा, आपल्याकडे टीबीच्याही गाठी मानेतच येतात.